खेळाचा नियम आणि खेळाची बोली

‘खेळ’ हा मराठीतील मोठा ऐसपैस शब्द आहे. मुले अंगणात खेळतात तो खेळ; नाटकमंडळी रंगमंचावर करतात तोही खेळच; चित्रपटगृहात दुपारी, सायंकाळी आणि रात्री होतात तेही खेळ; आणि कोकणातील नमनात नाचणाऱ्यांना गाव ‘खेळे’ या नावाने ओळखतो. इंग्रजीने या अर्थक्षेत्राची दोन शब्दांत वाटणी केली. नियमबद्ध डावाला एक शब्द आणि मुक्त लीलेला व नाटकाला दुसरा. मराठीने अशी वाटणी केली नाही. योहान हुइझिंगा याने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात निरनिराळ्या भाषांतील खेळवाचक शब्दांचा परामर्श घेताना संस्कृतातील क्रीडा, द्यूत आणि लीला यांच्याशी संबद्ध धातूंची दखल घेतली आहे. त्याच्या विवेचनाला मराठीतील ‘खेळ’ या शब्दाने आणखी एक पुरावा पुरविला असता. डाव आणि प्रयोग, म्हणजेच क्रीडा आणि कला, यांच्यामध्ये या भाषेने भिंत उभी केलेली नाही. तथापि भाषेने भिंत उभारली नाही एवढ्यावरून तात्त्विक प्रश्न सुटत नाही. खेळाला कला म्हणावयाचे असेल तर त्याचे कलात्व नेमके कोठे वसते, हे सांगितले पाहिजे.

प्रश्न जुना आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत द्यूतविशेष, आकर्षक्रीडा आणि बालक्रीडनके यांना स्थान आहे. मात्र तेथे ‘कला’ याचा अर्थ प्रामुख्याने कसब असा आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त एक संपूर्ण विंशती क्रीडांना वाहिलेली असून तीत बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग, फासे आणि कवड्या यांचे खेळ आले आहेत. आपल्या काळात हा वाद संगणकावरील खेळांच्या निमित्ताने पुन्हा पेटला. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट याने २०१० साली असे खेळ कधीही कला होऊ शकणार नाहीत असे प्रतिपादन केले. उलट न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली चौदा संगणकीय खेळ आपल्या संग्रहात दाखल करून घेतले. ही दोन मते परस्परविरुद्ध दिसत असली, तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. खेळ ही कोणीतरी घडवून पुरी केलेली वस्तू होय, आणि कलात्व असलेच तर ते त्या वस्तूत असणार, असे दोन्ही पक्ष मानून चालतात. तपासावयास हवे ते हे गृहीतक.

वस्तूतील कलेचे उत्तम उदाहरण म्हणून मोक्षपटाकडे बोट दाखविता येईल. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. उपलब्ध पट मात्र पुष्कळ उत्तरकालीन आहेत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील पश्चिम भारतात प्रचलित असलेल्या या प्रकारच्या पटांवर याकोब श्मिट-माडसेन याने २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठास सविस्तर प्रबंध सादर केला आहे. या पटांवर घरांना नावे असतात. सद्गुणांच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणांच्या घरात सापाचे तोंड असते, आणि शेवट मोक्षपदाशी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात रूपांतरित होऊन पुढे ‘सापशिडी’ म्हणून घरोघर पोहोचला तेव्हा घरांची नावे गळाली आणि आकडे उरले. आता चमत्कार असा की, नावे गळाली तरी डाव तोच राहिला. फाशाचे दान, सोंगटीची चाल, शिखराजवळ पोहोचता पोहोचता सापाच्या तोंडी जाणे, हे सारे जसेच्या तसे टिकले. तेव्हा पटावरील अर्थसौंदर्य ही एक गोष्ट आणि डाव खेळण्याचे सौंदर्य ही दुसरी गोष्ट, असा भेद मानणे भाग आहे. संग्रहालयात ठेवता येते ती पहिली. दुसरी भिंतीवर टांगता येत नाही.

हे दुसरे सौंदर्य कोठून येते? सी. थी न्यूयेन याने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे एक लक्षणीय उत्तर दिले आहे. चित्रकार जसा रंगांत, तसा खेळाचा रचनाकार मानवी कर्तृत्वशक्तीच्या माध्यमात काम करतो. तो खेळाडूला तात्पुरते उद्दिष्ट, मोजकी साधने आणि अडथळे देतो, आणि खेळाडूला सौंदर्याची प्रतीती स्वतःच्या कृतीत येते. कृती हे सौंदर्याचे स्थान मानणारा हा सिद्धांत पूर्वीच्या वस्तुनिष्ठ भूमिकेच्या पुष्कळ पुढे गेलेला आहे. परंतु ज्या खेळाला रचनाकारच नाही, त्याचे काय? विटीदांडू, लगोरी, लपंडाव यांचा कर्ता कोण? येथे न्यूयेनच्या चौकटीत एक मोकळी जागा राहते, आणि ती भरून काढण्यासाठी भाषाशास्त्राकडे वळणे उपयुक्त ठरते.

सोस्यूरने भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली, हे सर्वश्रुत आहे. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत या तुलनेची उणीवही त्यानेच नोंदविली आहे. बुद्धिबळातील खेळाडू हेतुपूर्वक चाल करतो. भाषेतील बदल असा कोणी योजून करीत नाही. आणखीही एक उणीव दाखविता येईल. बुद्धिबळाचे नियम पटावर बसणाऱ्या दोघांच्या हाती नसतात. भाषेचे नियम मात्र ती बोलणाऱ्या समाजातच घडत आणि बदलत असतात. विटगेन्श्टाइनने १९५३ च्या ग्रंथात खेळता खेळता नियम बनविले व बदलले जाण्याच्या शक्यतेचा उल्लेख केला आहे. भाषेला खरोखर जवळचा असा खेळ बुद्धिबळात नव्हे, तर या शक्यतेत शोधला पाहिजे. आणि तो गल्लीत सापडतो.

मुंबईची उपनगरे हे या दृष्टीने अभ्यासाचे सोयीचे क्षेत्र आहे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. या भागांतील चाळींत आणि सहकारी गृहसंस्थांत कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, दक्षिणेतून आलेली कुटुंबे एका जिन्यावर नांदू लागली. त्यांची मुले आपापल्या गावचे खेळ घेऊन आली, आणि एकाच खेळाचे चार नियमही घेऊन आली. लगोरीच्या चकत्या किती रचावयाच्या, चेंडू कमरेखालीच मारावयाचा की कोठेही, पहिल्या मजल्याच्या खिडकीत गेलेला चेंडू बाद धरावयाचा की नाही, हे प्रत्येक आवारात नव्याने ठरत असे. भिन्न बोली बोलणारे लोक एकत्र आले म्हणजे जशी एक मिश्र व्यवहारभाषा तयार होते, तसा येथे नियमांचा एक सामाईक संच तयार झाला, आणि त्याबरोबर त्याची परिभाषाही.

ही परिभाषा बारकाईने पाहण्याजोगी आहे. पकडापकडीत ज्याच्यावर इतरांना पकडण्याची वेळ येते त्याच्यावर ‘राज्य’ येते. म्हणजे मराठी मुलांच्या कोशात राज्य हे भोगावयाचे नसून फेडावयाचे असते. खेळातील जोडीदार तो ‘भिडू’. हा शब्द मैदानातून बाहेर पडून मुंबईच्या रस्त्यावर अनोळखी माणसालाही लावण्याचे संबोधन झाला आहे. हार मान्य न करणाऱ्याचा तो ‘रडीचा डाव’. यांपैकी दोन संज्ञा विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली ‘टाइमप्लीज’. दोन इंग्रजी शब्दांचा हा एक मराठी शब्द उच्चारला की खेळ तत्क्षणी थांबतो. बुटाची नाडी सुटली, आईने हाक मारली, गुडघा फुटला, कारण कोणतेही चालते. ऑस्टिनने ज्यांना कृतिरूप उक्ती म्हटले, त्यांचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण. शब्द उच्चारणे हीच येथे कृती असते. दुसरी संज्ञा ‘कच्चा लिंबू’. धाकटे भावंड खेळावयास येते. त्याला वगळावे तर ते रडते, पुरा गडी धरावे तर डाव बिघडतो. तेव्हा ते खेळते, धावते, ओरडते, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याचे बाद होणे मोजले जात नाही. नियमाच्या आत राहूनही नियमाच्या परिणामांतून मुक्त असलेली ही अवस्था कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेली नसते. ती बोलून निर्माण होते आणि बोलूनच संपते. ‘आता तू मोठा झालास’ असे सांगितले की कच्चा लिंबू पक्का भिडू होतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खेळात दोन प्रकारचे बोलणे असते. एक डावाच्या आतले: ‘इकडे टाक’, ‘पळ’, ‘माझी पाळी’. दुसरे डावाविषयीचे: ‘हे चालणार नाही’, ‘पुन्हा घे’, ‘त्याला कच्चा लिंबू धरू’. याकोबसनने १९६० साली भाषेच्या सहा कार्यांची जी मांडणी केली, तीत भाषेने भाषेविषयीच बोलण्याचे एक स्वतंत्र कार्य मानले आहे. खेळाविषयीचे बोलणे हे त्याचे क्रीडाक्षेत्रातील प्रतिरूप होय. ते वरवर पाहता भांडणासारखे ऐकू येते. वस्तुतः ते रचनेचे काम असते.

ते रचनेचे काम कसे, हे पाहण्यासाठी मर्ढेकरांचा सिद्धांत साहाय्यक ठरतो. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी घटकांची संघटना होते तेव्हा लय निर्माण होते, आणि ही लय हेच सौंदर्याचे गमक, असे मर्ढेकरांचे प्रतिपादन आहे. खेळात विरोध तर उघडच असतो. पण जेथे एक पक्ष हमखास जिंकणार तेथे विरोध नावापुरता उरतो आणि समतोल ढळतो. अशा वेळी मुले काय करतात? कॅरमचा पट्टीचा खेळाडू असेल तर त्याला डाव्या हाताने खेळावयास लावतात. धावण्यात तरबेज असणाऱ्याला चार पावले मागून सोडतात. गडी विषम असतील तर एकाला दोन्ही बाजूंनी खेळवितात. ढळलेला समतोल ती नियम वाकवून सावरतात. कवी एखादी ओळ लयीत बसत नाही म्हणून शब्द बदलतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. गल्लीतील खेळाला रचनाकार नाही, हे विधान म्हणूनच दुरुस्त करावे लागेल. त्याला रचनाकार आहेत, ते पुष्कळ आहेत, आणि ते खेळत असतानाच रचना करीत असतात. खेळाचे कलात्व जेथे वसते ते स्थान हेच.

प्रौढांच्या विरंगुळ्यातही हीच रीत दिसते. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत गुडघ्यांवर आडव्या ठेवलेल्या ब्रीफकेसवर पत्त्यांचे डाव रंगत आले आहेत. मेंढीकोटाला बसण्यापूर्वी हुकूम बंद ठेवावयाचा की ज्याच्याकडे उतारीचे पान नाही त्याने टाकलेल्या पानावरून ठरवावयाचा, हे आधी बोलावे लागते. मुलुंडला चढलेला आणि घाटकोपरला चढलेला, दोघांची घरची रीत वेगळी असली तर उतरण्यापूर्वी डाव पुरा व्हावा म्हणून तडजोड करतात. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले: तल्लीनता आहे, पण स्वतःचे भान सुटलेले नाही. गाडीतील पत्तेवाल्यांची अवस्था तंतोतंत अशी असते. डावात बुडालेले असूनही त्यांचे स्थानक सहसा चुकत नाही.

आता पडद्यावरील खेळाकडे वळता येईल. १८९६ साली इंग्लंडात पचिशीवरून लूडो तयार झाला, आणि २०१६ साली नवी मुंबईतील एका कंपनीने ‘लूडो किंग’ या नावाने तो भ्रमणध्वनीवर आणला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर दारे बंद झालेल्या घरांतून त्याचे अगणित डाव मांडले गेले. घरातील लूडोत सोंगटी सहावरच बाहेर काढावयाची की एकवरही, तीन वेळा सहा पडले तर दान जळते की राहते, एका घरात दोन सोंगट्या बसल्या तर त्या मारता येतात की नाही, याविषयी घरोघर वेगवेगळी रीत असे. पडद्यावर यांची उत्तरे आधीच दिलेली असतात. काही पर्याय निवडता येतात हे खरे; पण ते पर्यायही कोणीतरी अगोदर लिहून ठेवलेले असतात. अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी खेळताना वेळेत फासा टाकला नाही तर पाळी हातची जाते. तेथे ‘टाइमप्लीज’ ऐकून घेणारे कोणी नसते, आणि कच्च्या लिंबाला जागा नसते.

पियाजेने १९३२ साली स्वित्झर्लंडमधील गोट्या खेळणाऱ्या मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो येथे लक्षात घेण्यासारखा आहे. लहान मुले नियम हे वडीलधाऱ्यांकडून आलेले, पवित्र आणि न बदलता येणारे मानतात. वय वाढले की नियम हा परस्परसंमतीने केलेला आणि संमतीनेच बदलता येणारा करार आहे, हे त्यांना उमगते. या निष्कर्षाच्या प्रकाशात पाहिले असता, पडद्यावरील लूडो प्रौढ खेळाडूला सहा वर्षांच्या मुलाच्या जागी परत नेऊन बसवितो. नियम वरून आलेला असतो. तो पाळता येतो किंवा खेळ सोडता येतो, तिसरी वाट नसते. यंत्र, पडदा किंवा वेग यांविषयी जी नेहमीची तक्रार केली जाते तिच्यापेक्षा हा आक्षेप वेगळा आणि अधिक मूलगामी आहे.

याच्या विरुद्ध बाजूने एक सबळ पुरावा मांडता येईल. चमू करून खेळावयाच्या संगणकीय युद्धखेळांत खेळाडू एकमेकांशी अखंड बोलत असतात. ‘पबजी मोबाइल’वर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली, बोरिवली-अंधेरीच्या तरुणांच्या मराठीत त्यातून ‘लॉबी’, ‘स्क्वॉड’, ‘रश’ असे शब्द रुळले. बोली येथे विपुल आहे, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. चार घरांत बसलेल्या चौघांचे सहकार्यही खरे आहे. परंतु ती जवळजवळ सर्व डावाच्या आतली बोली आहे. शत्रू कोठे आहे, कोणी पुढे जावे, कोणी आड राहावे, यापलीकडे ती सहसा जात नाही. डावाविषयीच्या बोलीला तेथे फारसा वाव नाही. भाषेचे एक कार्य वाढले आणि दुसरे आक्रसले, असे याचे वर्णन करणे न्याय्य होईल.

कायद्याची भाषाही या संदर्भात तपासण्याजोगी आहे. लूडो हा कौशल्याचा खेळ की दैवाचा, हा प्रश्न २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. कारण पैसे लावून तो खेळविणारे उपयोजन निघाले होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्याने ई-क्रीडा, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन पैशांचा खेळ अशा तीन कोटी कल्पिल्या, आणि तिसऱ्या कोटीवर ती कौशल्याची असो वा दैवाची, बंदी घातली. पणाचे अनर्थ मराठीला नवे नाहीत. ‘लीळाचरित्रा’तील हरिपाळदेव द्यूतात हरतात आणि पत्नी दागिने देण्यास नकार देते, या प्रसंगात तो अनर्थ गद्यात उतरला आहे. कायद्याचा हेतू म्हणून समजण्यासारखा आहे. विचार करावयास लावतो तो ‘सामाजिक’ हा शब्द. कायद्याच्या लेखी पण नसलेला, मनोरंजनासाठी किंवा कौशल्यवृद्धीसाठी खेळला जाणारा खेळ सामाजिक ठरतो. म्हणजे सामाजिकतेची व्याख्या पैशाच्या अभावावरून झाली, माणसांच्या परस्परसंबंधावरून नव्हे. एकट्याने यंत्राशी खेळलेला डावही या व्याख्येत सामाजिक ठरू शकेल, आणि लोकलमधील चार आण्यांचा मेंढीकोट तिच्या वृत्तीशी जुळणार नाही. व्यवहारात अशी व्याख्या सोयीची असेल. समीक्षेला ती पुरणार नाही.

समीक्षेची कसोटी कोणती असावी, हे वरील विवेचनातून निष्पन्न होते. पट लाकडी की काचेचा, खेळाडू एका खोलीत की दोन खंडांत, हे प्रश्न दुय्यम होत. नियमाविषयी बोलण्याचा आणि तो संमतीने वाकविण्याचा अधिकार खेळणाऱ्यांकडे कितपत उरला आहे, हा मुख्य प्रश्न. या कसोटीवर मैदानी खेळही सरसकट उत्तीर्ण होत नाहीत. पंच, शिट्टी आणि नियमपुस्तक यांनी बांधलेल्या स्पर्धेत खेळाडूचा हा अधिकार पडद्यावरील लूडोइतकाच आक्रसलेला असतो. तेथे कसबाचे सौंदर्य असते, अभिजात प्रयोगाचे असते. रचनेतील सहभागाचे नसते. उलट पडद्यावरचा डावही या कसोटीला उतरू शकतो.

टाळेबंदीच्या काळात घाटकोपरची आजी आणि परदेशी असलेला नातू एकाच लूडोत बसत, तेव्हा अनेक घरांत एक गोष्ट घडे. खेळ एका यंत्रावर आणि दूरध्वनी दुसऱ्या यंत्रावर चालू राही. खेळाने दिलेली सांकेतिक चित्रे आणि ठरीव संदेश त्यांना पुरत नसत. ‘आजी, ही सोंगटी मी मारत नाही, दुसरी चालतो,’ असे नातू सांगे, आणि आजी ‘दया नको, खेळ नीट,’ असे म्हणून ती सवलत नाकारी. उपयोजनाने बंद केलेला करार त्यांनी शेजारच्या तारेवरून पुन्हा उघडला होता. आजीला कच्चा लिंबू व्हावयाचे नव्हते. पण तसे व्हावे की न व्हावे, हे तिला विचारले गेले होते.